मदत हवी: पॅनलचं कुंपण आडवं पडतंय (घाई आहे)

कळवेकर: शनिवारी सरळगावला जागेवर लोखंडी जाळीचे 22 पॅनल उतरवले, रविवारी उभे केले. आज सकाळी राखणदाराचा फोन, 14 आडवे! 8 बाय 4 फुटाचे आहेत, बाइंडिंग वायरने बांधलेत. फॅब्रिकेटर म्हणतो, तुम्हीच नीट लावले नाहीत. जनावरं गुरुवारी येतायत, टेम्पोला पैसे दिलेत. काँक्रीट सुचवू नका.

पारावरचा: गाई की म्हशी? म्हशीपुढे 4 फुटी पॅनल म्हणजे पापड.

ठिणगी: पाइप कुठला, गेज किती? फोटो टाका.

कळवेकर: 1 इंची चौकोनी, 16 गेज. ऐरोलीला ऑफिसात आहे, फोटो कुठून टाकू?

माहेर_मुरबाड: एवढा खर्च कशाला हो? करवंदीच्या काट्यांची वई घाला. आमचे बाबा तेच करायचे.

घोडबंदरी: ताई, वई दर वर्षी नवी लागते, वाळवी खाते. झटका मशीन बसवा, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडतं ते. आमच्याकडे रानडुक्कर फिरकत नाही.

ठिणगी: त्यांनी डुकरांचं विचारलंच नाहीये. आधी जनावर कुठलं ते तर कळू दे.

कळवेकर: शेळ्या! 15 उस्मानाबादी, त्यात दोन गाभण. लिहिलं नव्हतं का?

ठिणगी: नव्हतं. बरं, उरलेले 8 पॅनल का नाही पडले?

कळवेकर: ते करडांसाठी चौकोनात लावलेत. 14 बांधाच्या कडेने सरळ रांगेत.

ठिणगी: मग झालं की! चौकोनात कोपरे एकमेकांना धरतात. सरळ रांगेला धरणारं कोणी नाही. वारा पुरे, शेळीने पुढचे पाय टेकले तर बघायलाच नको. दर सांध्याला 6 फुटी अँगल घ्या, पहारीने भोक पाडून 2 फूट आत ठोका. बाइंडिंग वायर काढा, शेळ्या अंग घासून सैल करतात. पॅनलांना कड्या वेल्ड करून त्यांतून सळई सोडा, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) असेल तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंक पेंट मारा. जाळीचं भोक केवढं आहे?

कळवेकर: 4 इंची.

ठिणगी: अरे देवा. शिंगवाली डोकं घालेल आणि मागे यायचं नाही. करडं तर आरपार. खालच्या दीड फुटाला 2 इंची वेल्डमेश जाळी बांधा. करडांच्या चौकोनाला आधी.

पारावरचा: आणि बिबट्या? 4 फूट त्याला पायरीसारखे. रात्री शेळ्या वरून बंद असलेल्या गोठ्यातच हव्यात. वनखात्याचा 1926 नंबर राखणदाराला देऊन ठेवा.

घोडबंदरी: म्हणूनच झटका मशीन म्हणत होतो.

ठिणगी: बांधावर गवत वाढलं की तारेला टेकतं, झटका जमिनीत. पावसाळ्यात रोज कोण कापणार, तुम्ही?

माहेर_मुरबाड: सरळगाव म्हणजे म्हसा जवळच की! पौष पौर्णिमेच्या जत्रेतून घोंगडी आणाल का कोणी?

कळवेकर: अँगल आज घेतो. पण बांध चुलत्यांचा आहे, ते पहार लावू देणार नाहीत.

ठिणगी: हे आत्ता सांगताय? मग नागमोडी लावा, ठोकायला नको. पण 14 पॅनलमध्ये तेवढी लांबी भरणार नाही.

कळवेकर: अजून किती लागतील?

ठिणगी: कोन किती देताय त्यावर आहे. फोटो टाका हो.