मॉरिशसला उपराष्ट्रपती कधीपासून?

वाशीकर: आमच्या सोसायटीत मॉरिशसचं मराठी कुटुंब राहायला आलंय, त्यांच्याशी बोलताना प्रश्न पडला. तिथला उपराष्ट्रपती आपल्यासारखा राज्यसभा सांभाळतो का?

ऐरोलीची_मेधा: नाही हो, तिथे एकच सभागृह. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला तेव्हा हे पद आलं, पहिले रवींद्र घरबरन. पंतप्रधान प्रस्ताव मांडतात, संसद बहुमताने निवडते, मुदत ५ वर्षं.

कळवा_नाका: खरा कस लागला २००२ मध्ये. दहशतवादविरोधी कायद्यावर सही करायची नाही म्हणून राष्ट्रपती कासम उतीम यांनी राजीनामा दिला, मग कारभार आला उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांच्याकडे आणि त्यांनीपण सही न करता खुर्ची सोडली, शेवटी सरन्यायाधीश हंगामी राष्ट्रपती झाले नि त्यांनी सही केली. नुसतं शोभेचं पद म्हणतात त्यांनी हे वाचावंच, मला तर चेट्टियारांबद्दल फार आदर वाटतो.

ऐरोलीची_मेधा: आणि तेच चेट्टियार २००७ ला परत उपराष्ट्रपती झाले! २०१० मध्ये पदावर असतानाच गेले, त्यांच्यानंतर मोनिक ओसां बेलपो, पहिल्या महिला उपराष्ट्रपती.

वाशीकर: भारीच, थँक्स दोघांना. आज शेजाऱ्यांना २००२ चंच विचारतो.