'परवाना रद्द, स्थगित' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझी मावशी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. गुडघेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचं म्हणून तिनं राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर बोर्डाच्या नोंदीत एकाचं नाव तपासलं. तिथे निकाल होता : 'रिव्होक्ड, स्टेड, ३ वर्षं प्रोबेशन'. तिला कुणीतरी त्याचं मराठी करून दिलंय, 'परवाना रद्द, स्थगित, ३ वर्षं परिवीक्षा'. पण त्या माणसाचा दवाखाना तर रोज उघडा असतो. मावशीला काय सांगू?

प्रतिसाद : सगळा घोटाळा 'स्थगित'नं केलाय. मराठीत हा शब्द परवान्यालगत आला की 'परवाना तात्पुरता बंद' असंच वाचलं जातं. इथे स्थगिती परवान्याला नाही, तो रद्द करण्याच्या आदेशाला आहे. पेपरात आपण 'बदलीला स्थगिती' वाचतो तसंच. म्हणजे रद्द करायचं ठरलं, पण अंमल थांबवला, आणि ३ वर्षं अटींवर काम करू दिलं. दर तिमाहीला अहवाल द्यायचा, सांगितलेलं प्रशिक्षण घ्यायचं, अशा अटी असतात. अट मोडली तर बोर्ड नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेऊन स्थगिती उठवू शकतं. तात्पुरती बंदी वेगळी, तिला 'निलंबन' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद : 'परिवीक्षा' मावशींना अजिबात देऊ नका. आपल्याकडे नोकरीला नवीन लागलेला माणूस परिवीक्षाधीन असतो, त्यात कसलाही डाग नसतो. मी 'देखरेख' म्हणेन.

प्रतिसाद : नुसतं 'देखरेख' फार मवाळ होतं, दादा. ही शिक्षा आहे, ते कळायला हवं. 'शिस्तभंगाबद्दल अटींवर आणि देखरेखीखाली' असं लांबलं तरी चालेल. सुया टोचून घेणाऱ्याला पूर्ण माहिती मिळायला हवी. तिथे सुई एकदाच वापरायची, असा नियम आहे. तो मोडल्याबद्दल कारवाई झाली असेल, तर रुग्णाला ते समजलंच पाहिजे.

प्रश्नकर्ती : पटलं. निकालाआधीचा एक कागद आहे, 'अ‍ॅक्युझेशन'. त्याला आरोपपत्र म्हणू ना?

प्रतिसाद : नुसतं 'आरोपपत्र' म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस उभे राहतात. हा फौजदारी खटला नाही. बोर्डाच्या वतीनं राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचं कार्यालय तो कागद तयार करतं. परवानाधारकाला तो बजावला की १५ दिवसांत 'मला बाजू मांडायची आहे' असं कळवावं लागतं. कळवलं नाही तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते, पण त्याचा निर्णय प्रस्तावित असतो; तो स्वीकारायचा की नाही, हे बोर्ड ठरवतं. दोष ठरवायला स्पष्ट आणि पटण्याजोगा पुरावा लागतो. फौजदारी खटल्याइतकी कसोटी कडक नसते.

या सगळ्याला जवळची आपली ओळखीची गोष्ट म्हणजे विभागीय चौकशी. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ पाळणाऱ्या कचेऱ्यांत 'दोषारोप' रोज चालतो. तेव्हा 'शिस्तभंगाचे दोषारोपपत्र' म्हणा. आणि ते निघालं म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे मावशींना आवर्जून सांगा. कुणाच्याही पोटापाण्याचा प्रश्न असतो.

प्रतिसाद : त्याच नियमांतला 'ठपका'ही घ्या. कॅलिफोर्नियात 'पब्लिक रिप्रूव्हल' नावाची सौम्य कारवाई असते. 'जाहीर ठपका' अगदी चपखल बसतो.

प्रश्नकर्ती : आणि 'सरेंडर'? दुसऱ्या एका नावापुढे तेच होतं. 'परवाना परत केला' लिहू?

प्रतिसाद : नको, ताई. त्यावरून वाटेल की माणूस वय झालं म्हणून निवृत्त झाला. दोषारोपपत्र निघाल्यावर बोर्डाशी तडजोड करून परवाना सोडला असेल, तर 'शिस्तभंगाच्या कारवाईत परवाना सोडून दिला' असंच लिहा. मात्र आधी त्या नावापुढचा आदेश उघडून वाचा, कारवाई चालू होती का ते त्यातच कळेल.