मदत हवी आहे: उन्हात उभी केली की गाडीचं मीटर वेड्यासारखं वागतं

मंडळी, गेला आठवडाभर या गाडीनं डोकं खाल्लंय. चार वर्षांची मोटरसायकल, एक सिलिंडर, लिक्विड कूल्ड, मीटर डिजिटल. आजवर एकही दिवा विनाकारण लागला नव्हता. जे झालं ते क्रमानं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मंगळवारी सकाळी नऊला गाडी उघड्यावर लावली आणि दुपारी दोनला परत आलो. टाकीला हात लागला तर चटका बसला. किल्ली फिरवली, तर मीटरच्या उजव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग, त्याखालचं घड्याळ दिसेना. बाहेरचं तापमान ५२ अंश! फोनवर त्याच वेळी ३९ होतं. निघालो, थोडं पुढे गेल्यावर पुढच्या टायरचं प्रेशर ४० आलं. एरवी सकाळी ३६ असतं. फार झालं म्हणून गाडी बाजूला घेतली आणि हवा सोडून बरोबर ३६ वर आणली. तर बुधवारी सकाळी टायरचा पिवळा दिवा! साबणाचं पाणी मारून पाहिलं, एक बुडबुडा नाही.

गुरुवारी तर कळस झाला. पाऊण तास गर्दीतून रखडत आलो, पंखा सारखा चालू. दहा-बारा मिनिटांच्या कामासाठी थांबलो, पुन्हा उन्हातच. परत येऊन स्टार्टर दाबला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ११७ अंश आणि लाल दिवा. घाबरून गाडी लगेच बंद केली. थांबलो तेव्हा आकडा ९८ होता, हे नक्की आठवतंय. बंद गाडी गरम कशी होते?

माझा अंदाज, उन्हानं सेन्सर गेला. एक जण म्हणतो वायरिंग, दुसरा म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. सेन्सर बदलू का? की नुसतं कव्हर घालून भागेल?

प्रतिसाद १

सेन्सर विकत घेऊ नका अजून. तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्या आहेत, आणि त्यातल्या तीन तर बिघाडच नाहीत.

५२ अंश: बाहेरच्या तापमानाचा सेन्सर बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा मास्कच्या आत असतो. त्याला जी हवा लागते तिचं तापमान तो सांगतो. पाच तास तापलेल्या प्लास्टिकच्या आतली हवा म्हणजे हवामान नव्हे. हवामानाचं तापमान सावलीत, वारा खेळता असताना मोजतात. मोकळ्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटं चालवा, आकडा आपसूक खाली येईल.

काळा डाग: एलसीडीतलं द्रव स्फटिक फार तापलं की त्याची रचना मोडते आणि तो भाग काळा पडतो. निवलं की पूर्ववत. मात्र रोज असं भाजत राहिलं तर पडद्यावरची पोलरायझर फिल्म (प्रकाश गाळणारा पातळ थर) कायमची खराब होऊ शकते. मीटरवर जुना टॉवेल टाकून जात जा, तेवढंही पुरतं.

टायर: इथे चूक तुमची, रागावू नका. दर १० अंशांना साधारण दीड-पावणेदोन पीएसआय (टायरच्या प्रेशरचं एकक) वाढतात. २५ अंशांना ३६ असलेला टायर ५० अंशांना ४० दाखवणारच. पुस्तकातला आकडा थंड टायरचा असतो. तुम्ही गरम टायर ३६ वर आणलात, म्हणजे सकाळी तो ३२ वर गेला आणि दिवा लागला. दिवा बिचारा खरं बोलत होता. सकाळी, गाडी हलवायच्या आधी ३६ भरा.

आता लाल दिवा. हा बाकीच्यांसारखा सोडून देण्याजोगा नाही. गाडी बंद झाली की वॉटर पंप थांबतो, कारण तो इंजिनवरच फिरतो. पण हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) आणि एक्झॉस्ट पोर्टचं (धूर बाहेर पडतो त्या वाटेचं) धातू तापलेलंच असतं, ते जागच्या जागी थांबलेल्या कूलंटला उष्णता देत राहतं. म्हणून बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं आकडा वर चढतो. ऊन नसतं तरी चढला असता, उन्हामुळे फक्त निवायला वेळ लागतो. मंगळवारी पाच तास उन्हात राहूनही लाल दिवा लागला नव्हता, हे तुमच्याच लिखाणात आहे. नुसतं ऊन कूलंटला ११७ वर नेऊ शकत नाही.

पण ९८ वरून ११७ ही उडी मला जरा मोठी वाटते. कूलंट कमी असेल तर असं होतं. दोन गोष्टी करून सांगा. रात्रभर सावलीत राहिलेल्या गाडीची सकाळी फक्त किल्ली फिरवा आणि कूलंट व बाहेरचं तापमान दोन्ही वाचा. सेन्सर चांगला असेल तर दोन्हींत दोन-तीन अंशांपेक्षा फरक नको. मग गाडी सरळ धरून कूलंटच्या रिझर्व्ह टाकीतली पातळी बघा, साइड स्टँडवर तिरकी असताना नको.

प्रतिसाद २

थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, कटकट संपली. मी माझ्या जुन्या गाडीचा काढला होता.

प्रतिसाद ३

वरचा सल्ला कृपया मानू नका. थर्मोस्टॅट ८० च्या आसपास उघडायला लागतो, ११७ ला तो केव्हाच पूर्ण उघडा असतो. काढलात तर थंडीत इंजिन तापणारच नाही, पेट्रोल जास्त खाईल आणि दिवा होता तिथेच राहील.

आणखी एक. गुरुवारी तुम्ही गाडी लगेच बंद केलीत, पंप पुन्हा थांबला. वाफ नसेल, खाली काही सांडत नसेल, तर अशा वेळी न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालू ठेवून आकड्याकडे बघायचं. पंप फिरला की साचलेलं गरम पाणी रेडिएटरकडे जातं आणि आकडा झरझर उतरतो. उतरला नाही किंवा वरच चढत राहिला, तर मात्र तत्काळ बंद. आणि गरम असताना रेडिएटरची टोपी उघडायची नाही म्हणजे नाही. आतलं ११७ चं कूलंट केवळ टोपीनं धरलेल्या दाबामुळे उकळत नसतं. अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ च्या सुमारास उकळतं. टोपी सैल केलीत की ते थेट अंगावर.

कव्हरचं म्हणाल, तर हवा न खेळणारं काळं कव्हर गरम गाडीवर नकोच. एकदा माझ्या सायलेन्सरला असंच कव्हर चिकटलं, दोन रविवार खरवडत होतो.

धागाकर्ता

आभार मंडळी. सकाळी पाहिलं: बाहेर २७, कूलंट २८. म्हणजे सेन्सर वाचला.

पण रिझर्व्ह टाकी पाहून लाज वाटली. गाडी सरळ धरली तरी पातळी खालच्या रेघेच्या बोटभर खाली. चार वर्षांत तिथे कधी डोकावलोच नव्हतो. टॉर्च मारून खालचा होज (कूलंटची रबरी नळी) पाहिला, तर क्लिपच्या कडेला हिरवट पांढरा थर, वाळलेल्या मिठासारखा. बोटानं खरवडला तर भुगा पडला. खाली थेंब कधी दिसला नाही, कारण गरम भागावर पडून वाळत असणार.

प्रतिसाद १

तोच चोर. क्लिप बदला, होज कडक झाला असेल तर तोही. थंड गाडीत कूलंट भरून हवा काढून घ्या. आत हवेचा फुगा राहिला आणि सेन्सर त्यात आला, तर आकडा उगाच उड्या मारतो.

धागाकर्ता

काल क्लिप बदलली, कूलंट भरलं, हवा काढली. आज मुद्दाम त्याच वेळी, त्याच गर्दीतून गेलो आणि बारा मिनिटं उन्हात थांबलो. बंद करताना ९७, परत सुरू करताना १०६. पंखा लागला, अर्ध्या मिनिटात ९९. लाल दिवा नाही. टायर सकाळी ३६ भरला होता, दुपारी ४० दिसला, हात लावला नाही.

बाहेरचं तापमान आजही ५१ होतं. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ४० वर आलं.