रोज ४४ किमी: प्लग-इन हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

पहाटफेरी:
नमस्कार. माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची झाली. १४ चं अ‍ॅव्हरेज देते, पण आता दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी काम काढते. ऑफिस जाऊन-येऊन ४४ किमी, आठवड्याचे पाच दिवस. महिन्यातून एकदा आईबाबांकडे, ते जाऊन-येऊन ३५०. गाडी मीच चालवते, नवरा क्वचित.

स्ट्राँग हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही, बॅटरी चालता चालताच भरते) आणि प्लग-इन हायब्रिड (बॅटरी मोठी, सॉकेटवर चार्ज करून काही अंतर नुसत्या विजेवर जाते) या दोन्ही चालवून पाहिल्या. प्लग-इन फार आवडली, पण किमतीतला फरक बघून पाऊल मागे आलं. पार्किंगची जागा स्वतःची आहे, सॉकेट अजून नाही.

बजेट पक्कं आहे. जुन्या गाडीचं पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून महिन्याला जे जातं, त्याच्या सव्वापटीत नव्या गाडीचा हप्ता आणि इंधन दोन्ही बसलं पाहिजे. कृपया 'थोडं वाढवा' असं सांगू नका.

लांबपल्ला:
बिनधास्त प्लग-इन घ्या. माझी चार वर्षांची आहे, मोठी, चारही चाकांना ताकद देणारी. रोज रात्री चार्ज करतो. पेट्रोल पंपावरची मुलं मला विसरली असतील. शहरात इंजिनाचा आवाजच ऐकू येत नाही, सिग्नलला गाडी थरथरत नाही. एकदा याची सवय लागली की साध्या गाडीत बसवत नाही. बजेट जरा ताणलंत तर मोठ्या बॅटरीचं मॉडेल येईल, ते ८० किमीपर्यंत विजेवर जातं.

मागचंसीट:
अजिबात घेऊ नका. मी पोळलोय. माझं पार्किंग तळघरात, जवळपास एकही सॉकेट नाही. विक्रेता म्हणाला, चार्ज नाही केली तरी हायब्रिडसारखी चालेल. चालते, पण बॅटरी आणि मोटर मिळून दोनशे किलोचं ओझं रोज पेट्रोलवर वाहायचं. अ‍ॅव्हरेज साध्या हायब्रिडपेक्षा कमी, डिकी लहान आणि स्टेपनीच्या जागी पंक्चरची बाटली. रात्री हायवेवर टायर फाटला तेव्हा ती बाटली हातात धरून दोन तास उभा होतो. तीन वर्षांत विकली, आणि विकताना जी किंमत आली ती सांगवत नाही.

निव्वळविद्युत:
दोन्ही सोडा, पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. प्लग-इन म्हणजे दोन गाड्यांची देखभाल एका गाडीत. ऑइल बदला, फिल्टर बदला, वर बॅटरीची काळजी करा. तुमचे ४४ किमी इलेक्ट्रिकला काहीच नाहीत. महिन्यातून एकदाच्या प्रवासासाठी आयुष्यभर इंजिन कशाला वाहायचं?

जुनाजाणता:
इथे हायब्रिड आणि प्लग-इन यांची गल्लत होतेय म्हणून लिहितो. पहिली मोठ्या संख्येने बनलेली हायब्रिड म्हणजे टोयोटा प्रायस, १९९७, जपान. तिला भिंतीच्या सॉकेटची सोयच नव्हती. मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली प्लग-इन म्हणजे बीवायडीची एफ३डीएम, चीनमध्ये २००८ साली आली. शेव्हरोले व्होल्ट त्यानंतर, २०१० च्या अखेरीस.

लांबपल्ला:
व्होल्टला प्लग-इन हायब्रिड म्हणता येणार नाही. ती इलेक्ट्रिक गाडी होती. इंजिन फक्त जनरेटर म्हणून.

जुनाजाणता:
नाही. बॅटरी संपलेली असताना जास्त वेगात व्होल्टच्या इंजिनाची ताकद गिअरमधून थेट चाकांपर्यंतही जायची. २०१० मध्ये हे बाहेर आलं तेव्हा यावरूनच वाद पेटला होता. बॅटरी १६ युनिटांची, अमेरिकेच्या सरकारी चाचणीत विजेवर ३५ मैल, म्हणजे ५६ किमी. आजही कित्येक प्लग-इन याच्या आसपासच आहेत.

हिशेबवही:
व्होल्टचा धागा वेगळा काढा, मूळ प्रश्नाकडे येऊ या.

प्लग-इनला भिंतीतून १ किमीला साधारण ०.२ युनिट लागतं (चार्जिंगमधली गळती धरून). तुमची जुनी गाडी एका लिटरमध्ये १४ किमी जाते, तेवढ्याला प्लग-इन जवळजवळ ३ युनिटं घेईल. पण तुमची खरी तुलना जुन्या गाडीशी नाही, स्ट्राँग हायब्रिडशी आहे. ती एका लिटरमध्ये २२ जाते असं धरा, तर तेवढ्याच अंतराला प्लग-इनला साडेचार युनिटं. म्हणून आधी बघा, तुमच्याकडे एका लिटरची किंमत साडेचार युनिटांपेक्षा किती जास्त आहे. सगळी बचत त्या फरकात आहे.

वर्षाला ऑफिसचे २४० दिवस, म्हणजे १०,५६० किमी. हे सगळं विजेवर झालं तर हायब्रिडच्या तुलनेत ४८० लिटर वाचतील आणि सुमारे २,१०० युनिटं लागतील. यातून येणाऱ्या वर्षाच्या बचतीने दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला भागा. सात वर्षांच्या वर उत्तर आलं तर मी घेणार नाही.

मागचंसीट:
आणि चार्ज नाही केली तर हे सगळं गणित शून्य.

हिशेबवही:
बरोबर, म्हणूनच कागदावरच्या अ‍ॅव्हरेजवर जाऊ नका. युरोपात गाड्यांमध्येच इंधन मोजणारी यंत्रणा बसवलेली असते. २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा तो डेटा युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये मांडला. रस्त्यावर प्लग-इनचं कार्बन उत्सर्जन, म्हणजे पर्यायाने जळलेलं इंधन, प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. मुख्य कारण, लोक गृहीत धरलं होतं तेवढं चार्जच करत नाहीत.

लांबपल्ला:
त्या म्हणजे नोकरदारांना त्यांच्या कंपनीने दिलेल्या गाड्या. पेट्रोलचं बिल कंपनी भरते, मग केबल कोण ओढत बसेल? मी स्वतःच्या पैशाने घेतली आहे, मी एक रात्र चुकवत नाही.

हिशेबवही:
अर्धं खरं. आयसीसीटी आणि फ्राउनहोफर या संशोधन संस्थांच्या २०२२ च्या अभ्यासात कंपनीच्या गाड्या जेमतेम ११ ते १५ टक्के अंतर विजेवर धावत होत्या. पण खाजगी गाड्याही ४५ ते ४९ टक्केच. स्वतःचे पैसे घालणारेही निम्मं अंतर पेट्रोलवर काढतात.

दहाबाराचा_पाना:
वीस वर्षं गॅरेज चालवतोय. जे पाहतो ते सांगतो.

इंजिन कमी चाललं म्हणजे ऑइल टिकलं असं नसतं. थंड इंजिन पाच मिनिटं चालून बंद पडतं, ओल आत राहते आणि ऑइल खराब होतं. किलोमीटर बघू नका, वर्ष झालं की बदला.

पेट्रोल टाकीत जुनं होतं. व्होल्टमध्ये तर पेट्रोल सरासरी वर्षाहून जुनं झालं की गाडी स्वतः इंजिन चालवून ते जाळायची, इतका हा प्रश्न खरा आहे. रोज विजेवर जाणार असाल तर टाकी फुल ठेवू नका. पाव ते अर्धी पुरे.

ब्रेकच्या डिस्कला गंज चढतो, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक दाबा.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली आणि गाडी तरी उघडत नाही, अशा गाड्या माझ्याकडे टो करून येतात.

चौथागिअर:
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, तरी सांगतो. चार्जिंगची सोय नसेल तर घेऊ नका. शिवाय ऑइल वेळेवर बदला.

भिंतीपाशी:
सॉकेटबद्दल कुणीच नीट बोललं नाही. मी पहिले दोन महिने साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चार्ज करत होतो. एके रात्री जळका वास आला म्हणून खाली गेलो, तर प्लगची पिन बोर्डात वितळून चिकटलेली. इस्त्री दहा मिनिटं चालते. गाडी दोन-अडीच किलोवॅट सलग पाच तास खेचते, साधा बोर्ड ते सोसत नाही. मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा स्विच, आणि अर्थिंग मोजून घ्या. हा खर्च गाडीच्या किमतीत आत्ताच धरा. एक्स्टेन्शन कधीही नको. हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

पहाटफेरी:
सगळ्यांचे आभार, विशेषतः हिशेबवही, पाना आणि भिंतीपाशी यांचे.

निव्वळविद्युत, तुमचं म्हणणं पटतं, पण आईबाबांकडच्या रस्त्यावर वेगवान चार्जर एकच आहे आणि तो मी दोनदा बंद पाहिला. बाबांची तब्येत अशी आहे की फोन आला की तासाभरात निघावं लागतं. त्या रात्री मला चार्जर शोधायचा नाही.

हिशेबवहीचा भागाकार केला. नव्या प्लग-इनला साडेनऊ वर्षं येतात. म्हणजे नवी प्लग-इन बाद. आता वापरलेल्या तीन वर्षांच्या प्लग-इनचा विचार करतेय, मागचंसीट म्हणाले तशी तिची किंमत बरीच पडलेली आहे.

मागचंसीट:
माझ्या नुकसानीवरून हे शिकू नका! वापरलेली बॅटरी कोण घेतं?

लांबपल्ला:
या बाबतीत मीही त्यांच्याशी सहमत. लहान बॅटरी रोज पूर्ण भरते आणि पूर्ण रिकामी होते. वर्षाला तीनशे वेळा. नवीच घ्या, बजेट ताणा.

निव्वळविद्युत:
वापरलेली घ्यायचीच तर वापरलेली इलेक्ट्रिक घ्या.

हिशेबवही:
माझाही कल स्ट्राँग हायब्रिडकडेच. चार्जिंगची कटकट नाही, आकडे स्वच्छ आहेत.

दहाबाराचा_पाना:
घ्यायचीच असेल तर पूर्ण चार्ज करून, एसी लावून, बॅटरी संपेपर्यंत स्वतः चालवा आणि किलोमीटर लिहून घ्या. मीटरवरचा अंदाज मागच्या मालकाच्या चालवण्यावरून येतो, तो धरू नका. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा ८ वर्षांची असते. ती नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी घ्या. बॅटरी थंड ठेवणारं कूलंट कधी बदललंय तेही विचारा.

पहाटफेरी:
दोन महिन्यांनी लिहितेय. वापरलेली प्लग-इन घेतली. इथल्या बहुतेकांनी नको म्हटलं होतं, हे लक्षात आहे.

पानांनी सांगितलं तसं चालवून पाहिलं. नवी असताना ५५ किमी सांगत होते, मला एसी लावून ४६ मिळाले. माझी ऑफिसची फेरी ४४ ची, म्हणजे जेमतेम पण पुरतं. बॅटरीच्या वॉरंटीची पाच वर्षं शिल्लक आहेत, हस्तांतराचं पत्र हातात आहे. सॉकेटसाठी इमारतीच्या समितीला तीन अर्ज करावे लागले. माझ्या मीटरवरून स्वतंत्र लाइन ओढली. रात्री अकराला केबल लावते, पहाटे चारपर्यंत भरलेली असते.

गेल्या महिन्याचे आकडे: एकूण १,२९० किमी. त्यातले ९२० विजेवर, १८४ युनिटं. ३७० पेट्रोलवर, २३ लिटर. जुन्या गाडीला एवढ्याच अंतराला ९२ लिटर लागले असते. ऑफिसहून येताना दोन दिवस इंजिन शेवटी चालू झालं, दोन्ही वेळा वाटेत वळसा घ्यावा लागला होता. हप्ता धरून सव्वापटीत बसतंय.

आईबाबांकडे मध्यरात्री एकदा निघावं लागलं. टाकीत पाव पेट्रोल होतं, तेवढ्यात पोहोचले.

हिशेबवही:
हिशोब चोख. माझा अंदाज ०.२ चा होता, तुमचाही नेमका ०.२ आलाय. फक्त केबल एकही रात्र चुकवू नका.

मागचंसीट:
स्टेपनी आहे का?

पहाटफेरी:
नव्हती. बारीक चाकाची वेगळी विकत घेतली, डिकीत पट्ट्याने बांधली आहे. अर्धी डिकी गेली.

दहाबाराचा_पाना:
तिच्यातली हवा महिन्याला तपासा. आणि मागच्या मालकाने ऑइल शेवटचं कधी बदललं ती तारीख नसेल सापडत, तर याच आठवड्यात बदलून टाका.

जुनाजाणता:
व्होल्टचा धागा वेगळा काढला आहे. इच्छुकांनी तिकडे यावं.