गोदाघाटाच्या चित्रातून दुतोंड्या मारुती गाळला. चुकलं का?

कोरा_कागद (धागाकर्ता)
रविवारी पावसाने उघडीप दिली म्हणून सकाळी पावणेआठला नाशिकला सुंदरनारायणाच्या देवळाच्या बाजूला घाटावर बसलो आणि समोरची पंचवटी जलरंगात केली. चित्र सोबत लावलंय. ऊन थेट समोरून. नारोशंकराचं शिखर नुसतं निळसर करडं दिसत होतं, आणि पायऱ्यांवर जिथे कुणी ओल्या पायांनी चढून गेलं होतं तिथे चांदी सांडलेली. ती चांदी रंगाने केलेली नाही, कागद कोरा सोडलाय. नेमका त्या चमकेच्या मध्ये दुतोंड्या, म्हणजे नदीपात्रातला दोन तोंडांचा मारुती, काळा गोळा होऊन उभा. मी तो काढलाच नाही.
घरी चित्र दाखवलं तर काकांचं पहिलं वाक्य, "मारुती कुठंय?"
माझं मत असं की निसर्गचित्राचा विषय उजेड असतो. देऊळ, नदी, छत्र्या ही सगळी उजेडाला टेकायला दिलेली जागा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९२ आणि ९३ साली रूआँच्या एकाच कॅथेड्रलसमोर बसून तीसहून जास्त कॅनव्हास केले. कॅथेड्रल तेच, ऊन बदलत गेलं. मग विषय कोणता होता?

तिवंधा_चौक
विषय कॅथेड्रलच होता की! ते हललं नाही म्हणून तर ऊन हललेलं कळलं. मोनेने त्याचा एखादा मनोरा नडतो म्हणून उडवला असता तर त्या मालिकेत राहिलं काय?
आणि दुतोंड्या म्हणजे काय वाटेतला ट्रान्सफॉर्मर आहे का? पूर आला की अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं की गळ्याला. आमच्या आजीला धरणाचे क्युसेक कधी कळले नाहीत, मारुती कळायचा. तो काढून टाकलास तर हा घाट वाईचा म्हणूनही खपेल.

कोरा_कागद
खपू दे. ओळख पटवायला फोटो आहे. चित्र बघून सकाळ अंगावर आली पाहिजे.

हातगाडी_आणि_इझल
धागाकर्त्याशी सहमत. प्रदर्शनात लोक चित्राकडे बघतच नाहीत, "हा काळाराम का?" एवढं विचारून पुढे जातात. काळारामाचा दगड पावसात भिजल्यावर जांभळा होतो हे कुणी बघितलंय का? मी तिथे ट्यूबमधला काळा कधीच वापरत नाही. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट अंबर तपकिरी, आणि संध्याकाळ असेल तर थोडा तांबडा.

तिवंधा_चौक
म्हणजे तुम्ही दगड बघितलात. काळारामाचाच दगड, नुसतं ऊन नाही. माझंच म्हणणं मांडताय की हो.

ड्रॉइंगच्या_बाई
पस्तीस वर्षं मुलांना इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवलं, म्हणून मध्ये बोलते.
मोनेचं उदाहरण दोघेही अर्धंच देताय. ते कॅनव्हास रूआँत सुरू झाले, पण पुरे झाले घरी, जिव्हर्नीच्या स्टुडिओत. सह्यांखाली साल १८९४. म्हणजे "समोर दिसलं तेच खरं" हा हट्ट त्याचाही नव्हता. त्यापेक्षा इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल बघा. १८२१-२२ मध्ये त्याने लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास केले, आणि कितीतरी कागदांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून ठेवलं. चित्रात ना घर ना झाड, तरी तो उजेड कुठला नि कधीचा हे त्याने सोडलं नाही.
आता तुझ्या चित्राबद्दल. कोरा कागद छान राखलायस, कडा कुठेही खरवडलेल्या नाहीत. पण डावीकडच्या छत्रीची सावली लांब आहे, पावणेआठची. उजवीकडच्या टपरीची आखूड, साडेनऊची असावी. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो रे. ज्याचा विषयच उजेड, त्याच्या एका कागदावर दोन सकाळी कशा? मारुतीचं नंतर बघू.

कोरा_कागद
बाई, पकडलंत. छत्री पहिल्या वॉशमध्येच, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या हातातच केली होती, मग चहाला उठलो. यापुढे सावल्या आधी पेन्सिलने बांधून घेईन.
मारुतीबाबत मात्र मागे हटत नाही. त्या जागी गडद डाग आला असता तर डोळा तिथेच अडकला असता, पाण्यापर्यंत पोचलाच नसता.

हातगाडी_आणि_इझल
गडद कशाला? पाण्यावरून उलटा उजेड येतोच अंगावर. शेंदराचा एक पातळ हात दिला असता तरी भागलं असतं.

तिवंधा_चौक
नाहीतर सरळ संध्याकाळी बस ना त्याच पायरीवर. ऊन पाठीमागून येईल, पंचवटी उजळेल. आणि मारुतीला दोन तोंडं आहेत बाबा, एकावर तरी पडेलच.

कोरा_कागद
येत्या रविवारी पाचला. बाई, तुम्हीही या.

ड्रॉइंगच्या_बाई
येते. पण गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, आज सकाळी मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. रविवारपर्यंत तुला तो गाळायची गरजच पडायची नाही.