पिंजऱ्यातल्या घारीला खेळणी हवीत कशाला?

कोथरूडचा काका: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "जायबंदी घारीला पुठ्ठ्याच्या खोक्यात मटण लपवून देणं ही माणसाची हौस, पक्षी काय बालवाडीतलं पोर आहे?" डोकंच फिरलं. अहो मी ३ वर्षं दर रविवारी रेस्क्यू सेंटरला जातो. मांज्याने पंख गेलेली घार आहे तिथे, परत उडणार नाही. आधी दिवसभर एकाच गुळगुळीत दांड्यावर, तळव्याला फोड, शेपटीची पिसं जाळीला घासून तुटलेली. आता दांडे कमीजास्त जाडीचे, वर काथ्या गुंडाळलेला, खाली पाण्याची परात. खोकं ठेवलं की आधी मान वाकडी करून बघते, मग एक पाय वर रोवून पुठ्ठ्याच्या पट्ट्या ओढत बसते, वीसेक मिनिटं आरामात. ही हौस??

मुळामुठा: ते मीच लिहिलंय. दांडे, परात ही साधी सोय झाली, त्याला कोण नाही म्हणतंय? पण घुबडालाही खोकं? शिकारी पक्षी रानातही बराच वेळ नुसते बसूनच असतात. नवीन वस्तूला बुजून जाळीवर आपटलं तर तुम्ही भरून देणार का पंख?

कोथरूडचा काका: घुबडाला खोकं मी म्हणालो कुठे? नीट वाचा जरा. त्याला अख्खा उंदीर द्या, केसांहाडांसकट, नंतर न पचलेल्या केसांहाडांची गोळी ओकतं. नुसत्या चिकनच्या तुकड्यांनी ते होत नाही.

गॅलरीग्रस्त: फक्त फुकट मिळतात म्हणून शिकारी पक्ष्यांना कबुतरं खायला देऊ नका कुणी! ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संसर्ग होतो, तोंडात पिवळट थर धरतो, पक्ष्याला गिळता येत नाही. आणि कबुतरांचं काढलंच आहे तर, आमच्या वरच्या मजल्यावरून रोज ज्वारी पडते आणि घाण मी धुते.

पेठेतला: मुक्या जिवाला दाणे टाकणं पुण्याचं काम आहे. आमची आजी टाकायची.

गॅलरीग्रस्त: आजी वाड्यात टाकायची हो, माझ्या एसीवर नाही!! माझ्या सासऱ्यांना दमा आहे. पुण्य तुमचं, पंप आमचा.

पेठेतला: मग जाळी बसवा. प्रत्येक गोष्टीत रडायचं.

गॅलरीग्रस्त: बसवली. साडेचार हजार गेले. देताय?

मुळामुठा: धागा घारीचा होता...

कोथरूडचा काका: राहू दे, तुम्ही खोक्याचं बोला.

मुळामुठा: बरं, घारीपुरतं मान्य. ती तशीही उचापतीच. पण घुबडाच्या पिंजऱ्यात पुठ्ठा दिसला तर फोटोसकट इथेच टाकणार.

कोथरूडचा काका: रविवारी या. सकाळी ८ ला. परात घासायची असते.

पेठेतला: साडेचार हजार?? कुठल्या मापाची जाळी?