जुना मेल सर्व्हर नुसता बंद करावा की रीतसर काढावा?

कागलकर:
परवा शिरोलीच्या सदस्यांनी लिहिले, ‘एक्स्चेंज २०१६ या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरचे सर्व मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर गेले, आता जुने मशीन बंद करून ठेवले की विषय संपला.’ विषय मुळीच संपत नाही. मशीन बंद केले तरी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीतील संगणक आणि वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, त्याची नोंद शिल्लक राहते, आउटलुकला सर्व्हर शोधून देणाऱ्या ऑटोडिस्कव्हरचा जुना पत्ता तसाच राहतो आणि आउटलुक त्या बंद सर्व्हरला शोधत अडखळते. आर्बिट्रेशन मेलबॉक्स, म्हणजे एक्स्चेंजचे स्वतःच्या अंतर्गत कामाचे मेलबॉक्स, हलवावेत, बाहेर मेल पाठवणाऱ्या सेंड कनेक्टरमधून जुन्याचे नाव काढावे आणि मगच अनइन्स्टॉल करावे.

शिरोली एमआयडीसी:
त्या वाक्यावर मी ठाम आहे. अनइन्स्टॉल केल्यावर परतीची वाट उरत नाही. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. उद्या एखाद्या ऑर्डरचा मेल सापडला नाही, तर मालक जाब मला विचारतील, तुम्हाला नव्हे.

कागलकर:
मेलबॉक्स हलवला की जुने मेलही त्याच्याबरोबर जातात. भीती वाटत असेल तर बॅकअप जपा, आणि तो तळमजल्यावर ठेवू नका. कोल्हापूरचे २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. शिवाय एक्स्चेंज २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

गोकुळ शिरगाव:
खरी अडचण दोघांनीही सांगितली नाही. आमच्या फाउंड्रीत शनिवारी जुना सर्व्हर काढला आणि सोमवारी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधून एकही डिस्पॅच मेल गेला नाही, कारण जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवलेला होता. गाड्या गेटवर उभ्या, ग्राहकांचे फोनवर फोन, आणि सॉफ्टवेअर देणारा म्हणतो की एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे आल्याशिवाय एक ओळही बदलणार नाही!

शाहूपुरी:
अगदी हेच दुखणे आहे. आमच्या मेल पाठवणाऱ्या स्कॅनरचा ॲडमिन पासवर्ड विक्रेता आजही देत नाही. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात एक पत्ता बदलायला त्याचा माणूस येईपर्यंत थांबायचे, हे आपण का सोसतो? खरेदीच्या करारातच पासवर्डची अट घातली पाहिजे.

गोकुळ शिरगाव:
अट घालणार कोण? खरेदी विभाग फक्त दर पाहतो, आयटीला विचारतही नाही. मशीन नुसते बंद असते, तर पाच मिनिटांत सुरू करून गाड्या सोडता आल्या असत्या.

शिरोली एमआयडीसी:
मी दुसरे काय म्हणत होतो?

कागलकर:
मेल स्वीकारणाऱ्या रिसीव्ह कनेक्टरचे प्रोटोकॉल लॉगिंग, म्हणजे कोण जोडले जाते याची नोंद, आधीच सुरू केले असते, तर वजनकाट्याचा आयपी लॉगमध्ये दिसला असता. तरीही काढण्यापूर्वी दोन आठवडे मशीन बंद ठेवून पाहावे, एवढे तुमचे मान्य करतो. त्यानंतर मात्र ते सुरू करून अनइन्स्टॉल झालेच पाहिजे.

शिरोली एमआयडीसी:
दोन आठवडे पुरणार नाहीत. पगारपत्रकांचे मेल महिन्यातून एकदाच जातात. एक महिनाअखेर उलटू द्या, मग अनइन्स्टॉल करतो.